लहान मुलांसह ग्रीसला जाणाऱ्यांसाठी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की नाशिकमधील प्रवास कंपन्यांच्या जाहिरातींत ग्रीस दिसू लागते आणि त्यात बहुधा सँटोरिनी व मिकोनोस ही दोनच बेटे असतात, प्रत्येकी दोन रात्रींच्या हिशेबाने. नवविवाहितांना ही आखणी सोयीची असेल. तीन-चार वर्षांची मुले सोबत असलेल्या कुटुंबाला मात्र ती मुळीच मानवत नाही. अशा कुटुंबांनी एकच शांत बेट निवडावे आणि तेथे पोहोचण्याच्या दिवसाची आखणी सर्वांत काळजीपूर्वक करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

गेल्या जूनच्या आरंभी आम्ही दोन लहान मुलांसह सिफनोस बेटावर आठवडाभर राहिलो. या बेटावर विमानतळ नाही. अथेन्सलगतच्या पिरियस बंदरातून जहाजानेच जावे लागते. जलद जहाजाला साधारण अडीच-तीन तास लागतात, तर साध्या जहाजाला पाच तास किंवा त्याहून अधिक. शहरातील एका प्रवास कंपनीने आम्हाला विमानातून उतरल्यावर त्याच दिवशी जहाज पकडण्याचा कार्यक्रम आखून दिला होता. नाशिकहून मुंबई गाठणे, विमानतळावरची प्रतीक्षा, रात्रभराचा प्रवास, वाटेत विमान बदलणे आणि त्यावर पुन्हा जहाज, एवढे सगळे सलग त्या वयाच्या मुलांवर लादणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय विमानाला उशीर झाला तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही. आम्ही कार्यक्रम बदलून घेतला आणि पहिली रात्र पिरियसलाच काढली. २०२२ पासून अथेन्स विमानतळावरून मेट्रो थेट पिरियसपर्यंत जाते, त्यामुळे हे अवघड नाही. बंदर मात्र अवाढव्य आहे. त्याचे दरवाजे ई-१, ई-२ अशा क्रमांकांनी ओळखले जातात आणि काहींमधले अंतर मुलांना चालवेल इतके कमी नाही. आपले जहाज कोणत्या दरवाजातून सुटते, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

खरी कसोटी उतरताना लागते. बेट जवळ आले की प्रवाशांना खाली, मोटारी उभ्या असतात त्या मजल्यावर बोलावतात. तेथे मालमोटारी सुरू झालेल्या असतात, साखळदंडांचा खडखडाट होतो, समोरचा लोखंडी उतार खाली येतो आणि धक्क्यावर जहाज काही मिनिटेच थांबते. अशा वेळी दोन्ही हातांत बॅगा असतील तर मुलांचा हात कोण धरणार? सामान पाठीवर घेता येईल इतकेच असावे. बाबागाडीचाही गावातल्या पायऱ्यांच्या अरुंद गल्ल्यांत उपयोग होत नाही.

सिफनोसचे बंदर असलेल्या कामारेस गावात धक्क्यालगतच वाळूचा उथळ किनारा आहे. म्हणून आम्ही खोली तेथेच घेतली, डोंगरावरच्या अपोलोनिया या मुख्य गावात नाही. मुले तासाभरात घोटाभर पाण्यात बसून वाळू उपसत होती आणि प्रवासाचा शीण तेथेच उतरला. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५.३० ही कायद्याने शांततेची वेळ आहे. आपल्या वामकुक्षीची सवय येथे चांगली कामी येते, पण त्या वेळी लहान दुकानेही बहुधा बंद असतात, म्हणून दूध आणि फळे आधीच घेऊन ठेवावीत. शाकाहाराची चिंता नको. मातीच्या भांड्यात रात्रभर भट्टीत शिजवलेले काबुली चणे हा सिफनोसचा रविवारचा पारंपरिक पदार्थ आहे. कांदा, ऑलिव्ह तेल आणि तमालपत्र एवढ्यावरच झालेला हा बेतशीर पदार्थ आमच्या मुलांनी दह्याबरोबर आवडीने खाल्ला.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा जोरदार वारा वाहतो आणि तो फार वाढला की जहाजे सोडत नाहीत. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच काढावी. मे महिन्यात वारा तितका नसतो, पण समुद्राचे पाणी मुलांना गार लागते. शाळेची तारीख सांभाळून जूनचा पहिला आठवडा साधला तर उत्तम.

आपल्या प्रवासविषयक पुरवणीत छायाचित्रांबरोबर ही माहितीही द्यावी, अशी विनंती आहे. तसेच शहरातील प्रवास कंपन्यांनी आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नाशिकच्या घरापासून बेटावरच्या खोलीपर्यंत एकूण किती तास लागतात, हे स्पष्ट छापावे.

आपली,
एक वाचक पालक
गंगापूर रोड, नाशिक