‘सेलेसाइ’ कोणी म्हणायचं?

प्रति,
माननीय ग्राममंत्री,
इंडोनेशिया प्रजासत्ताक, जकार्ता

स. न. वि. वि.

साहेब, गेल्या मंगळवारी सकाळी सरकारी तक्रार पोर्टलवरून मला एका शब्दाचा निरोप आला. ‘सेलेसाइ’. म्हणजे संपलं, निकाली निघालं. गावातल्या मुलांच्या तपासणीच्या खोलीसाठी सात महिन्यांपूर्वी मी केलेली तक्रार हिरव्या रंगात बंद झाली होती. खाली लिहिलं होतं की हा विषय गावकऱ्यांशी विचारविनिमय करून ठरलेला आहे, आणि पुरावा म्हणून गावसभेचा एक फोटो जोडला होता. मी तो बोटांनी मोठा करून पाहिला. शेवटच्या रांगेत हिरव्या कुर्त्यातली, हातात खाऊच्या खोक्यांचा ट्रे घेऊन वाकलेली बाई दिसली. ती मी आहे.

माझ्याच तक्रारीचं उत्तर म्हणून मलाच पुरावा केलंत तुम्ही.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. सोळा वर्षांपूर्वी लग्न करून जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या गावात आले आणि 2018 मध्ये भारताचं नागरिकत्व सोडून तुमच्या देशाचं घेतलं. म्हणजे मी पाहुणी म्हणून लिहीत नाही, तुमची मतदार म्हणून लिहिते आहे. हेच पत्र इंडोनेशियन भाषेत दोनदा पाठवून झालं. ते फार अदबीचं होतं, कारण जावामध्ये सून म्हणून पहिली गोष्ट शिकले ती आवाज खाली ठेवायची. काही बोलायला गेलं की सगळे म्हणतात, ‘साबार, बु, साबार.’ बु म्हणजे बाई, आणि साबार हा आपल्या सबुरीचाच भाऊ आहे. माझी सबुरी संपली, म्हणून आता ज्या भाषेत मला राग येतो त्या भाषेत लिहिते आहे.

गावात मी पोस्यांदूची कादेर आहे. मराठी वाचकांसाठी सांगते, पोस्यांदू म्हणजे महिन्यातून एकदा भरणारं लहान मुलांचं आणि गरोदर बायकांचं तपासणी केंद्र, आपल्या अंगणवाडीचं चुलत भावंड. 1980 च्या दशकापासून ही व्यवस्था चालू आहे आणि देशभरात अशी सुमारे तीन लाख केंद्रं आहेत. ती गावातल्याच बायका चालवतात, त्यांना कादेर म्हणतात. आम्ही मुलांची नावं लिहितो, वजन-उंची घेतो, गुलाबी पुस्तकात नोंद करतो, आणि नारळाच्या दुधातली गुळाची मुगाची खीर वाटतो. मुगाचं सोडून बाकी सगळं आम्ही फुकट करतो असं म्हटलं तरी चालेल, कारण आमच्या गावात कादेरला महिन्याला 75,000 रुपिया मिळतात. भारतीय चारशे रुपये.

आमच्या केंद्राला खोली नाही. एका ताईंच्या ओसरीवर आम्ही बसतो. आमचा किनारा खचतो आहे. जमिनीखालचं पाणी उपसून उपसून काही ठिकाणी तो वर्षाला दहा सेंटीमीटरपर्यंत खाली जातो, आणि भरतीचं पाणी पावसाशिवाय, भर उन्हात घरात शिरतं. इथले लोक त्याला रोब म्हणतात. ओसरीवर घोट्याएवढं पाणी, आणि त्यात आम्ही तराजू टांगून बाळांची वजनं घेतो.

म्हणून 2024 च्या सप्टेंबरमध्ये गावसभेत आम्ही बायकांनी मागणी केली. तीन फूट उंच जोत्यावर एक खोली, एक पाण्याची टाकी, एक संडास. गवंड्याकडून खर्च काढून आणला, साधारण साडेसहा कोटी रुपिया, म्हणजे साडेतीन लाख भारतीय रुपये. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. 2025 च्या आराखड्यात ती खोली लिहिली गेली. मी स्वतः वाचलं, चौदाव्या ओळीत होती. त्या रात्री सासूबाईंनी केळीच्या पानात भात बांधून सगळ्या कादेरांच्या घरी पाठवला.

मार्चमध्ये वाळू आली तेव्हा आम्हाला वाटलं आपलीच. ती गापुराची होती. गापुरा म्हणजे वेशीवरची कमान, शब्द आपल्या गोपुरावरूनच आलेला. जुनी कमान पाडून नवी बांधली, वर सोनेरी रंग दिला. उरलेल्या पैशांत चावडीसमोर सिमेंटचे ठोकळे बसवले. जून महिन्यात मी त्या ताईंच्या ओल्या ओसरीवर वजनकाटा उचलताना घसरले आणि उजवं मनगट मोडलं.

आता हे ऐका, कारण तुमच्या कुठल्याही रकान्यात हे बसत नाही. मी शिवणकाम करते. इथे शाळा जुलैच्या मध्याला सुरू होतात, आणि आमचं वर्षाचं पोट जून-जुलैच्या गणवेशांवर असतं. माझ्याकडे चाळीस मुलांची मापं घेऊन ठेवलेली होती. प्लास्टरमधल्या हाताने कात्रीसुद्धा धरवेना. मी एकेका घरी कापड परत द्यायला गेले, नवरा सायकलवर गठ्ठा धरून मागे. कोणी एक शब्द बोललं नाही, उलट प्रत्येक घरात चहा दिला. घेतलेली आगाऊ रक्कम फेडायला मंगळसूत्रातल्या दोन वाट्या विकल्या. माझ्या आईने घातलेल्या होत्या त्या. आईला अजून सांगितलेलं नाही. मनगट आजही पावसाळी हवेत ठणकतं, आणि काज करायला बसले की अंगठा आखडतो.

हे सगळं मी तक्रारीत लिहिलं होतं. त्याचं उत्तर, ‘सेलेसाइ’.

साहेब, पैसे नाहीत असं तुम्ही म्हणूच शकत नाही. 2014 चा सहावा कायदा, गावांचा कायदा, आला तेव्हा जगभर त्याचं कौतुक झालं. 2015 मध्ये पहिल्यांदा ‘दाना देसा’, म्हणजे ग्रामनिधी, सरळ गावांना मिळाला. 2025 मध्ये तो 71 लाख कोटी रुपिया होता, आणि गावं सुमारे 75,000. भागाकार करा. दर गावाला सरासरी 94 कोटी रुपिया येतात, पन्नास लाख भारतीय रुपये. त्यात आमची खोली बसत नाही? 2026 साठी निधी कमी केलात तेही समजलं. पण निधी भरपूर होता तेव्हाही आमच्या वाट्याला कमानच आली. माझ्या मराठी कानांना ‘दाना’ म्हटलं की दान ऐकू येतं, आणि गावात तो वाटलाही दानासारखाच जातो. देणाऱ्याची मर्जी, घेणाऱ्याने हात जोडायचे. हा आमचा पैसा आहे. दान नाही.

आणि लोकांना अक्कल नाही, बायकांना सभेत बोलता येत नाही, ही सबब मला देऊ नका. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. 1998 मध्ये इथे तालुका विकासाचा कार्यक्रम आला, पुढे 2007 ते 2014 त्याचंच मोठं रूप देशभर चाललं. त्यात बायकांची सभा वेगळी व्हायची आणि गावाच्या प्रस्तावांत बायकांनी ठरवलेला प्रस्ताव असावाच लागायचा. सासूबाई सांगतात, रात्री कंदील घेऊन वीस-पंचवीस जणी मशिदीमागच्या अंगणात बसायच्या. त्यांनी ठरवलं, पाण्याचा पंप हवा. पुरुषांना रस्ता हवा होता. पंप झाला. सिमेंटच्या गोण्या किती, भाव काय, मजुरी कोणाला किती, हे सगळं फळीवर लावलेलं असायचं, आणि सासूबाईंनी स्वतः एका पावतीतली दोन गोण्यांची तफावत दाखवून दिली होती. ती आठवण सांगताना त्या अजून ताठ बसतात. तोही कार्यक्रम वरूनच आला होता, त्यातही पैसे खाणारे होते, हे मला माहीत आहे. पण त्यात बाईच्या ‘हो’ला आणि ‘नाही’ला किंमत होती. आता चावडीवर अंदाजपत्रकाचा भला मोठा फलक लागतो, त्यावर गावप्रमुखांचा हसरा फोटो आणि पाच आकडे. त्यातून कोणाला काय कळणार? आमची मागणी कोणी कापली, का कापली, हे त्यावर कुठेच नसतं.

सभा कशी होते ते तुमच्या लोकांनी तुम्हाला कधी सांगितलं आहे का? पुढे खुर्च्यांवर साहेबमंडळी, मागे सतरंजीवर बायका. पहिला दीड तास स्वागताची भाषणं. मग हजेरीचा कागद फिरतो, त्यावर सही केली की खाऊचं खोकं मिळतं, आणि ती सही पुढे संमती म्हणून लावली जाते. गावाच्या सल्लागार मंडळात किमान एक बाई हवी असा नियम आहे. एक! माझ्या माहेरी महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तिथेही सरपंचबाईच्या खुर्चीत नवरा बसलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, त्यामुळे माहेरचे गोडवे गायला मी बसलेले नाही. पण ग्रामसभेत उठून ‘हिशेब दाखवा’ म्हणणारी म्हातारी तिथे आहे, आणि तिला कोणी खोकं वाटायला लावत नाही.

तुमच्या भाषेत जनतेला ‘राक्यात’ म्हणतात. तो आमचा ‘रयत’ शब्द. मी रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकले. तिथल्या मुलामुलींना तो शब्द छाती फुगवून म्हणायला शिकवलं जातं. इथे मात्र राक्यात म्हणजे सतरंजीवर बसणारे.

मग दोष एकट्या आमच्या गावप्रमुखांचा का? नाही. त्यांनाही विचारलं मी. म्हणाले, ‘बु, वरून तपासणी येते तेव्हा कमान दिसते, खोली दिसत नाही.’ माणूस खरं बोलला. त्यांचा हिशेब वर जातो, जिल्ह्याला, मंत्रालयाला. खाली आम्हाला तो कोणी देत नाही. भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेने 2023 मध्ये गावपातळीवरची 187 प्रकरणं मोजली, सगळ्या क्षेत्रांत जास्त. 2023 च्या जानेवारीत देशभरचे गावप्रमुख जकार्तात संसदेसमोर जमले आणि मुदत वाढवून मागितली. सव्वा वर्षात कायदा बदलला, सहा वर्षांची मुदत आठ झाली. त्यांचं ऐकायला तुम्हाला चौदा-पंधरा महिने पुरले. आम्ही एक खोली मागतोय.

मग 2025 मध्ये हुकूम आला की प्रत्येक गावात ‘लाल-पांढरी’ (झेंड्याचे रंग) सहकारी संस्था काढा, 80,000 संस्था, आणि जुलैमध्ये जावातल्याच क्लातेन इथे राष्ट्राध्यक्षांनी उद्घाटनही केलं. मी सहकाराच्या मुलखातली आहे. सहकार हुकमाने उभा राहत नाही, एवढं मला आमच्या गावच्या सोसायटीने शिकवलं आहे. आमच्याकडे त्यासाठी ‘विशेष गावसभा’ चाळीस मिनिटांत उरकली, आणि कर्जाचा हप्ता थकला तर ग्रामनिधीतून भरायचा हे लोकांना नंतर समजलं. ज्यांना विचारलंच नाही त्यांचे पैसे तारण ठेवलेत, आणि याला नाव दिलंत लोकांचं सक्षमीकरण.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोक रस्त्यावर आले. आमच्याच किनाऱ्यावरच्या पाती जिल्ह्यात घरपट्टी 250 टक्क्यांपर्यंत वाढवली म्हणून, मग जकार्तात खासदारांच्या घरभत्त्यावरून. महिन्याला पाच कोटी रुपिया घरभत्ता! तेवढे मिळायला आम्हा कादेरला पंचावन्न वर्षं तराजू टांगावा लागेल. एक मोटारसायकल-टॅक्सीवाला पोरगा पोलिसांच्या गाडीखाली मेला, तेव्हा कुठे तो भत्ता मागे घेतला. दर वेळी कोणीतरी मेल्यावरच ऐकायचं का?

वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण 2018 मधल्या 30.8 टक्क्यांवरून 2024 मध्ये 19.8 वर आलं, म्हणून तुम्ही सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. ठरवलं होतं 14, तेही असो. पण ती मुलं दर महिन्याला कोणी शोधली, कोणी दारोदार जाऊन आयांना बोलावून आणली? सरकार आता किनाऱ्यावर 80 अब्ज डॉलरची समुद्रभिंत बांधायचं म्हणतं. ती होईल तेव्हा होईल. आम्ही तीन फुटांचं जोतं मागतोय.

माझं मागणं थोडं आहे. खोली आराखड्यात होती, ती कोणी काढली ते लेखी द्या. 2008 च्या माहिती कायद्यात दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं आहे, मी कित्येक महिने थांबले आहे. गावाच्या फलकावर झालेल्या कामांशेजारी कापलेल्या कामांची यादी आणि कारण लावा. आणि तक्रार करणाऱ्या माणसाने ‘संपलं’ म्हटल्याशिवाय ती बंद करायचा अधिकार कोणत्याही कचेरीला ठेवू नका. मनगट माझं मोडलं, पाणी आमच्या ओसरीत शिरतं, तर संपलं की नाही हे मी सांगेन. तो फोटोही काढून टाका. मी त्या दिवशी कशालाच होकार दिला नव्हता, मी खोकी वाटत होते.

पुढचं वजन बारा तारखेला आहे, त्याच ओसरीवर. बेचाळीस मुलं आहेत, दोन जुळी आहेत, आणि एक बाळ पाच महिन्यांचं आहे ज्याचं वजन दोन महिने वाढलेलं नाही. त्या दिवशी भरती आहे. आम्ही सकाळी सातला सुरू करणार आहोत, म्हणजे पाणी चढायच्या आत सगळी मुलं मोजून होतील.

आपल्या गावातली एक कादेर