मिसो घातला!

निशी-कासाई, तोक्यो
फेब्रुवारीअखेर

प्रिय मधुरा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर धड बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आमच्या स्वयंपाक-मंडळाचा यंदाचा मिसो (सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा) घालून झाला!

इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात स्वयंपाकघर भाड्यानं मिळतं, तिथं आम्ही जमतो. बहुतेक बायका, दोन निवृत्त काका, आणि शिकवायला ऐंशी ओलांडलेल्या आजी. त्यांना सगळे ‘सेन्सेई’ म्हणतात. या भागात आपली मराठी घरं कितीतरी आहेत, पण मंडळात मी एकटीच. बाकीच्यांनीही यावं असं फार वाटतं गं.

मिसो थंडीतच घालायचा. थंडीत नको ते जंतू फोफावत नाहीत आणि आंबणं सावकाश सुरू होतं. सोयाबीन आदल्या दिवशी भिजवलेले, सकाळपासून शिजत होते. दाणा अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत धरून दाबायचा. करंगळीत जोर तो किती, पण तेवढ्यानंही तो चिरडला पाहिजे. सेन्सेईंनी प्रत्येक पातेल्यातला दाणा स्वतः दाबून पाहिला आणि आमचं पातेलं परत गॅसवर चढवायला लावलं.

एक किलो सोयाबीनला तेवढाच कोजी (भातावर मुद्दाम बुरशी चढवून केलेलं विरजण) आणि चारशे-साडेचारशे ग्रॅम मीठ. कोजी आणि मीठ आधी कोरडंच चोळून घ्यायचं. त्यात सोयाबीनचा लगदा घालायचा तो कोमट झाल्यावरच, गरम असला तर कोजी मरतो. मग सगळं मळून लाडू वळायचे आणि एकेक डब्याच्या तळाशी जोरात आपटायचा, म्हणजे आत हवा राहत नाही. इतका वेळ हळू आवाजात बोलणाऱ्या त्या बायका लाडू आपटताना काय खिदळत होत्या! तुमच्या वाड्यात पापड लाटायला सगळ्या जमायच्या ना, अगदी तसं. शेवटी वर मीठ पेरून वजन ठेवलं. आता डबा उघडायचा तो थेट हिवाळ्याच्या तोंडावर.

दुपारी गेल्या वर्षीच्या मिसोचं सूप केलं. एरवी त्यात सुक्या माशाचं दाशी, म्हणजे पातळ सार, असतं. माझ्यासाठी सेन्सेईंनी कोंबू (खाण्याचं समुद्री शेवाळ) आणि सुके शिताके (अळंबी) रात्रभर गार पाण्यात भिजवून आणले होते. बौद्ध मठांतल्या शोजिन, म्हणजे शाकाहारी, स्वयंपाकात असंच करतात. कोंबूच्या याच पाण्यातून इकेदा किकुनाए यांनी १९०८ साली ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. सुपात भाजी होती कोमात्सुना, म्हणजे आमच्याच वॉर्डातल्या कोमात्सुगावाची. मिसो मात्र गॅस बंद करून विरघळवायचा. उकळला की वास उडतो. सूप संपल्यावर वाटीच्या तळाशी राहिलेली पानंही मी काड्यांनी टिपून खाल्ली.

आता तुझ्याकडे काम आहे. पुढच्या खेपेला मी काहीतरी शिकवावं असा सगळ्यांचा आग्रह आहे, आणि मी उकडीच्या मोदकांना हो म्हटलंय. इथं दांगोसाठी (पिठीचे शिजवलेले गोळे) जोशिन्को नावाची तांदळाची पिठी मिळते, तिचीच उकड काढीन म्हणते. काकूंना विचारून पाणी-पिठीचं प्रमाण कळव. आणि मोदक वळतानाचा व्हिडिओ काढ, पण त्यांच्या बोटांजवळून. सेन्सेईंना बोटंच बघायची असतात.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
अनघा