चॉकलेटच्या कुकी आणि तुझे मनगट

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

या सुट्ट्यांत घरी येता येणार नाही असे तू काल फोनवर सांगितलेस आणि त्याच दमात आपली ती चकलीच्या सोऱ्यासारखी, खटका दाबून कुकी पाडायची कुकी प्रेस पाठवून द्या असेही म्हणालीस. प्रेस सोबतच्या खोक्यात आहे. तिच्या तोंडाशी बसवायच्या नक्षीच्या चकत्या वेगळ्या पिशवीत बांधल्या असून त्यांतल्या फूल, चांदणी, पुष्पचक्र आणि झाड या चार सर्वांत वर ठेवल्या आहेत, कारण चॉकलेटच्या पिठाला याच मानवतात. फार बारीक नक्षीच्या चकतीत ते अडकते आणि आकार अर्धवट उमटतो. फोन लगेच आईकडे गेल्यामुळे माझे बोलायचे राहिले, म्हणून हे पत्र. तुझ्या मनगटाचा विषय काढणार नाही असे मी आईला कबूल केले आहे, तेव्हा फक्त कृतीविषयीच लिहितो.

एका घाण्याला २२५ ग्रॅम बिनमिठाचे बटर, १२५ ग्रॅम पिठीसाखर, एक अंडे, २५० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कोको पावडर, चिमूटभर मीठ आणि चमचाभर व्हॅनिला लागते. बेकिंग पावडर घालू नकोस; पीठ फुगले की चांदणीची टोके बोथट होतात. कोको वाढवण्याचा मोह तुला होईल, कारण तुला चॉकलेट गडद लागते, पण कोको मैद्यापेक्षा अधिक ओलावा शोषतो आणि पीठ घट्ट करतो. वितळवलेले चॉकलेटही पिठात घालायचे नाही, कारण ते थंड होताना आळते आणि प्रेसच्या नळीतच पीठ कडक होऊन बसते. कोको आणि मैदा एकत्र करून दोनदा चाळ. एखादी गुठळी राहिली तर ती नेमकी चकतीच्या फटीत जाऊन बसते आणि मग खटका दाबायला दुप्पट जोर लागतो.

जोराचे निघालेच आहे तर लिहून टाकतो. एका घाण्यात साठ-सत्तर कुकी होतात, म्हणजे तेवढ्याच वेळा तो खटका मुठीत आवळावा लागतो, आणि तू तर तीन घाणे करून कचेरीतल्या सगळ्यांना वाटणार म्हणतेस. प्लास्टर निघाले म्हणजे हाताची पकड परत आली असे होत नाही. ती यायला काही महिने जातात, आणि हे तुला डॉक्टरांनी माझ्यासमोरच सांगितले होते. खटका दुसऱ्या कोणाला तरी दाबू दे. तुझ्या घरात राहणारी ती मैत्रीण आहे, शेजारी आहेत. पीठ तू कर, सजावट तू कर, मधले एवढे एक काम दुसऱ्याच्या हाती दे.

आता पुन्हा पिठाकडे वळतो. बटर फ्रिजमधून आधीच काढून ठेव. बोटाने दाबले तर खळगा पडावा, पण बटर तकाकू लागता कामा नये. अठरा ते वीस अंशांच्या आसपास ते तसे असते. अंडेही गार नसावे, नाहीतर फेटलेले बटर फाटते. बटर आणि साखर रंग फिका होईपर्यंत फेट, मग अंडे, मग कोरडे जिन्नस, आणि मैदा दिसेनासा झाला की लगेच थांब. हे पीठ तयार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवायचे नाही. इतर कुकींच्या कृतींत पीठ तासभर गार करायला सांगतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो: गार पीठ प्रेसमधून सरकत नाही. जास्तच घट्ट वाटले तर चमचाभर दूध घाल. पीठ मऊ असेल तर हाताला निम्मेही कष्ट पडत नाहीत.

ट्रेला बटर लावू नकोस आणि कागदही घालू नकोस. प्रेस उचलताना पिठाला खाली धरून ठेवणारे काहीतरी लागते, आणि कोरडा, गार, साधा धातूचा ट्रेच ते काम करतो. कागदावर किंवा नॉनस्टिक ट्रेवर पीठ प्रेसबरोबर वर उचलले जाते. प्रेस ट्रेवर सरळ उभी टेकवायची, एकदा दाबायचे, क्षणभर थांबायचे आणि सरळ वर उचलायचे. सुरुवातीच्या चार-दोन कुकी वेड्यावाकड्या येतात, कारण पीठ चकतीपर्यंत नीट पोहोचलेले नसते. त्या खरवडून पुन्हा नळीत घालायच्या. ट्रे दोन असू देत. एक ओव्हनमध्ये असताना दुसरा नळाखाली गार करून कोरडा पुसून ठेव, कारण गरम ट्रेवर बटर वितळते आणि कुकी चिकटतच नाहीत.

तू चार-पाच वर्षांची असताना या गार ट्रेची राखण तुझ्याकडे असे. स्टुलावर उभी राहून तू ट्रेला गाल लावून पाहायचीस आणि "अजून नाही" असे इतक्या अधिकाराने सांगायचीस की दादासुद्धा प्रेस हातात धरून मुकाट्याने थांबत असे. नंतर फुलाच्या मधोमध चंदेरी गोळी बसवण्याचे काम तू मागून घेतलेस. गोळी केसभर सरकली तरी तुला चालत नसे. मी म्हणायचो की खाताना कोणाला कळणार आहे, आणि तू म्हणायचीस की मला कळेल. आजीच्या त्या वर्षीच्या डब्यातली एकूण एक कुकी तू एकटीने सजवलीस, कोणाला हात लावू दिला नाहीस, आणि रात्री बोटे अवघडून गेली तरी कोणापाशी बोलली नाहीस. आत्या अजूनही त्या डब्याविषयी बोलते. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता आणि आजही वाटतो. पण तुझा हात प्लास्टरमध्ये गेल्यानंतर तू पडल्याचे आम्हाला कळले, तेव्हा मला त्याच रात्रीची आठवण झाली, आणि त्या आठवणीत अभिमानाखेरीज आणखीही काही होते.

हे भाषण झाले, माफ कर. तू तुझे घर एकटीने चालवतेस, तुला ओव्हन कसा लावायचा हे सांगायची गरज नाही, तरीही चॉकलेटच्या कुकींचे एक वेगळेपण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ओव्हन १८० अंशांवर नीट तापू दे आणि कुकी आठ ते दहा मिनिटे भाज. साध्या कुकीची कड सोनेरी झाली की ती भाजली हे कळते. कोकोच्या कुकीत रंगावरून काहीच कळत नाही, आणि रंग दिसेपर्यंत वाट पाहिली तर ती कडू होते. म्हणून सातव्या मिनिटापासून पाहा: वरची ओली चकाकी गेलेली असावी आणि कड बोटाला घट्ट लागावी. मध्यभाग थोडा मऊ असला तरी बाहेर काढ. गार होताना तो आळतो. दोन मिनिटे ट्रेवरच राहू दे आणि मग पातळ उलथन्याने जाळीवर काढ.

सजावट तुला माझ्यापेक्षा आणि आईपेक्षाही चांगली जमते. भाजण्याआधी कच्च्या पिठावर टाकलेली रंगीत साखर आणि गोळ्या घट्ट बसतात, नंतर टाकल्या तर त्यांना आयसिंगचा आधार लागतो, हे तुला ठाऊक आहेच. गडद कुकीवर पांढऱ्या आयसिंगची रेघ उठून दिसते, म्हणून रंगांचा पसारा न मांडता पांढरे आणि एखादाच रंग घ्यावा असे माझे मत आहे. रॉयल आयसिंगसाठी, म्हणजे वाळल्यावर कडक होणाऱ्या पिठीसाखरेच्या आयसिंगसाठी, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याऐवजी मेरिंग पावडर, म्हणजे वाळवलेल्या पांढऱ्याची पूड, वापर, कारण वाटताना कोणाच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल ते आपल्याला माहीत नसते. रेघेसाठी आयसिंग घट्ट ठेव. कुकी भरून काढायची असेल तर चमच्याने सोडलेली धार साधारण दहा सेकंदांत सपाट व्हावी इतके सैल कर. पिशवी अर्धीच भर. भरलेल्या पिशवीला तळहात पूर्ण आवळावा लागतो, अर्धी पिशवी दोन बोटांनी पिळली तरी चालते. आणि पिशवी डाव्या हाताने पिळून उजव्याने फक्त दिशा द्यायची, हे जमते का तेही करून पाहा. पाहिलेस, मी पुन्हा तिथेच आलो.

अर्ध्या कुकी चॉकलेटमध्ये बुडवायच्या असतील तर घाई करू नकोस. दोनतृतीयांश गडद चॉकलेट गरम पाण्यावरच्या भांड्यात ४५ अंशांपर्यंत वितळव, मग उरलेले बारीक चिरलेले चॉकलेट त्यात घालून ढवळत ढवळत २८ अंशांपर्यंत उतरव आणि पुन्हा ३१-३२ अंशांवर आण. असे केले तरच त्याला चकाकी येते आणि तोडताना कट् असा आवाज येतो. नाहीतर दोन दिवसांत वर पांढरट पुटे चढतात. पाण्याचा एक थेंबही आत पडता कामा नये, चॉकलेट तत्काळ घट्ट आणि रवाळ होते. वाफेवर भांडे धरून सतत ढवळायचे हे कामही मनगटाचेच आहे, तेव्हा यंदा चॉकलेटचे बुडवणे वगळलेस तर कुकींचे काही बिघडत नाही. आयसिंग पुरेसे आहे.

आणि सगळे एका दिवशी करायचे कारण नाही, ही गोष्ट मला खरे तर पहिल्यांदा लिहायची होती. न सजवलेल्या भाजलेल्या कुकी हवाबंद डब्यात दोन आठवडे उत्तम राहतात आणि फ्रीझरमध्ये तीन महिने टिकतात. आज एक घाणा, चार दिवसांनी दुसरा, असे कर. पीठही झाकून दोन दिवस फ्रिजमध्ये राहते, फक्त प्रेसमध्ये भरण्याआधी ते पूर्ण मऊ होऊ द्यायला हवे. सजावट सर्वांत शेवटी, एका मोकळ्या दिवशी. आयसिंग रात्रभर वाळू दे आणि डब्यात थरांच्या मध्ये कागद घाल.

दादाला तू डबा पाठवणार आहेस असे आई म्हणाली. जरूर पाठव, त्याने फोन केला नाही तरी पाठव. आम्हाला पाठवू नकोस, तुझ्या हाताला तेवढाच एक डबा कमी होईल. आईचे म्हणणे याच्या उलट आहे, ते ती स्वतः सांगेल.

प्रेसचा खटका कोण दाबणार आहे, एवढे मला रविवारच्या फोनवर सांग. त्या व्यक्तीला कृती समजावून सांगायची असेल तर हे पत्र वाचायला दे, मात्र मनगटाचे परिच्छेद गाळून दिलेस तरी माझी हरकत नाही.

तुझा,
बाबा

ता. क. प्रेस हातानेच धू, भांडी धुण्याच्या यंत्रात घातली तर ॲल्युमिनियमची नळी काळी पडते. चकत्या वापरल्या वापरल्या कोमट पाण्यात टाक आणि फटींतले पीठ दात कोरायच्या काडीने काढ. खालचे कडे कधीकधी बटरमुळे घट्ट बसते. ते पिळून उघडू नकोस. त्याच्यावर मिनिटभर गरम पाणी सोड, मग ते सहज फिरते. आणि नाही फिरले, तर कोणाला तरी बोलाव.