गोलपोस्ट नदीत, आम्ही ट्रॅफिकमध्ये

नॅशव्हिल, टेनेसी
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

प्रिय संज्या,

अलाबामा हरली. व्हँडरबिल्टकडून. ४०–३५.

यावर तू नाक मुरडणार हे ठाऊक आहे. "हेल्मेट घालून ढकलाढकली, त्याला काय खेळ म्हणायचं" हे तुझं वाक्य मला पाठ झालंय. पण काल संध्याकाळपासून पोटात मावत नाहीये आणि इथं ज्याला त्याला आपलंच सांगायचंय. घरात तुझी वहिनी बोलत नाही (कारण पुढं येईलच). तेव्हा लेका, चहा घेऊन बस आणि ऐक.

आधी एवढंच समजून घे, की इथं शनिवार हा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा. रविवार व्यावसायिक संघांचा, पण जीव शनिवारात. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमच्या गॅलरीत जे होतं, ते इथं दर आठवड्याला होतं. कुठं तीस हजारांत, कुठं लाखभर लोकांत. गाव, घराणं, आजोबांचं कॉलेज, सगळं त्यात येतं.

त्यात अलाबामा म्हणजे दांडगं घराणं. राष्ट्रीय विजेतेपदं १८ सांगतात. त्यातली शेवटची सहा निक सेबन नावाच्या कोचनं मिळवून दिली. तो या जानेवारीत निवृत्त झाला आणि त्याच्या जागी वॉशिंग्टन विद्यापीठातून केलन डीबोअर आला. नवा माणूस टिकेल का, अशी कुजबुज होती. ती गेल्या शनिवारी बंद झाली. जॉर्जियासारख्या संघाला त्यांनी ४१–३४ नं हरवलं. २८–० अशी आघाडी घेतली, ती सगळी घालवली, मागं पडले, आणि मग रायन विल्यम्स नावाच्या सतरा वर्षांच्या पोरानं ७५ यार्डांचा टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या रेषेपार नेणं) करून सामना परत आणला. सतरा वर्षांचा, संज्या! त्या वयात आपण बारावीच्या क्लासला दांडी मारत होतो. त्या विजयावर अलाबामा देशाच्या साप्ताहिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर गेली.

आणि व्हँडरबिल्ट? आमच्या गावातलं खासगी विद्यापीठ. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटात सोळा संघ, त्यात खासगी हे एकच. अभ्यासात एक नंबर, मैदानावर मार खाणारं. पहिल्या पाच क्रमांकांतल्या संघाशी आजवर साठदा गाठ पडली होती, साठही वेळा हार. अलाबामाला शेवटचं हरवलं ते १९८४ साली, त्यानंतर ओळीनं २३ पराभव. गेल्या वर्षी दोन जिंकले, दहा हरले. यंदा सप्टेंबरात जॉर्जिया स्टेटसारख्या मामुली संघाकडूनही हरून आले.

काल रात्रीपासून टीव्हीवर सगळे "चमत्कार, चमत्कार" म्हणून बोंबलतायत. मला ते पटत नाही. चमत्कारात हिशेब नसतो, आणि हा सामना निव्वळ हिशेबावर जिंकला. नियम साधा आहे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलास की पुन्हा चार प्रयत्न. म्हणजे तू तीन-चार यार्ड, तीन-चार यार्ड असं रांगत राहिलास, तर समोरच्याच्या हाती चेंडू लागतच नाही. व्हँडरबिल्टनं नेमकं तेच केलं. साठ मिनिटांच्या सामन्यात बेचाळीस मिनिटं चेंडू यांच्याकडं. तिसऱ्या प्रयत्नावर अठरा वेळा वेळ आली, बारा वेळा निभावलं. अलाबामाचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा) जेलन मिलरो काही वाईट खेळला नाही. २४ पैकी १८ पास पोचवले, ३१० यार्ड मिळवले. पण उरलेल्या अठरा मिनिटांत माणूस किती करणार? त्यात त्याचा एक पास रँडन फाँटनेटनं मधल्या मध्ये उचलला आणि २९ यार्ड पळत जाऊन थेट टचडाउन केला. मध्यंतराला २३–१४. तरी मी म्हणत होतो, आता दुसऱ्या अर्धात चेपतील. आलेच नाहीत पुढं.

आता डिएगो पाविया. हा आपल्या गावात जन्मायला हवा होता. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीचा पोरगा, शाळेत कुस्तीही खेळायचा. खेळताना ते दिसतं. क्वार्टरबॅक सहसा अंगावर कुणी आलं की पाय पुढं टाकून घसरतात, म्हणजे मार लागत नाही. हा खांदा खाली घालतो आणि समोरच्यात घुसतो. उंचीनं बेताचा म्हणून मोठ्या विद्यापीठांनी विचारलं नाही. मग दोन वर्षांच्या एका लष्करी कॉलेजात खेळला, तिथं त्यांच्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, मग न्यू मेक्सिको स्टेटला गेला. तिथून गेल्या वर्षी ऑबर्नच्या घरी जाऊन त्यांना ३१–१० नं धुतलं. तिथला हेड कोच जेरी किल आणि आक्रमणाची आखणी करणारा टिम बेक व्हँडरबिल्टला आले, त्यांच्या पाठोपाठ हाही आला. काल वीस पास टाकले, सोळा पोचले, २५२ यार्ड, दोन टचडाउन. वर वीस वेळा स्वतः चेंडू घेऊन घुसला. सगळ्यात जास्त यार्ड मिळवणारा एली स्टोवर्स, सहा झेल, ११३ यार्ड, तोही न्यू मेक्सिको स्टेटहूनच आलेला. हे ध्यानात ठेव, मी परत यावर येणार आहे.

शेवटची दोन-पावणेतीन मिनिटं उरली तेव्हा अलाबामानं ४०–३५ केलं. त्याच वेळी आम्ही बेलव्ह्यूच्या गणेश मंदिरात गरब्याला निघणार होतो. तुझी वहिनी दारात, हातात दांडिया, चपला घालून तयार. मी म्हटलं, दोनच मिनिटं. या खेळात दोन मिनिटं म्हणजे किती असतात ते तिला आठ वर्षांत कळलंय. पण खरं सांगतो, ते शेवटचे क्षण मी जन्मात विसरणार नाही, आणि त्यात घडलं काहीच नाही! अलाबामाला चेंडू पुन्हा मिळालाच नाही. पाविया आणि मंडळी रांगत राहिली, घड्याळ पळत राहिलं, आणि संपलं.

मग मी मुद्दाम व्हँडरबिल्टजवळच्या वेस्ट एंड रस्त्यावरून गाडी घातली. बघायचंच होतं. अंधार पडला होता. पोरांनी मैदानातला गोलपोस्ट उपटून रस्त्यावर आणला होता. पिवळाधमक, लांबलचक खांब, खाली शेकडो हात. पुढचे दमले की मागचे खांदा द्यायचे, पालखीला देतात तसा. कुणाच्या अंगावर शर्ट नाही, कुणाच्या पायात एकच बूट. चौकातला पोलीस हात दाखवून गाड्या थांबवत होता आणि हसत होता. आमच्या पुढच्या गाडीतल्या बाईनं अलाबामाची लाल टोपी काढून मांडीवर ठेवली, ते मला मागून स्पष्ट दिसलं. पुढं ब्रॉडवेवरच्या त्या संगीताच्या बारांच्या गर्दीतून त्यांनी खांब नेला, अडीच-एक मैल, आणि कंबरलंड नदीत टाकला. आम्ही गरब्याला पोचलो तेव्हा आरती झाली होती. म्हणून घरात शांतता आहे.

गंमत पुढं ऐक. मैदानात घुसल्याबद्दल कॉन्फरन्सनं आज व्हँडरबिल्टला एक लाख डॉलर दंड लावला. हा दंड जातो पाहुण्या संघाला. म्हणजे अलाबामाला हरवलं, वर अलाबामालाच पैसे द्यायचे! तिकडं आर्कन्सॉला अडीच लाख, कारण त्यांची ही दुसरी खेप. त्यांनी चौथ्या क्रमांकाच्या टेनेसीला १९–१४ नं पाडलं. त्यांचा नेहमीचा क्वार्टरबॅक टेलन ग्रीन जखमी होऊन बाहेर गेला, आणि राखीव मलाकाय सिंगलटननं सव्वा मिनिट उरलं असताना अकरा यार्ड पळून सामना काढला. माझ्या ऑफिसातले निम्मे लोक टेनेसीचे. सोमवारी तोंडं बघण्यासारखी असतील.

एकूण शनिवारच वेडा होता. पहिल्या अकरांतले पाच संघ हरले. मिशिगनला वॉशिंग्टननं २७–१७ नं हरवलं. जानेवारीत राष्ट्रीय अंतिम सामन्यात हेच दोघे भिडले होते आणि तेव्हा मिशिगन जिंकली होती. मिनेसोटानं यूएससीला शेवटच्या मिनिटात. टेक्सस ए अँड एमनं मिझुरीला ४१–१० असं तुडवलं, ल'व्हियन मॉसचे तीन टचडाउन. जॉर्जिया, ओहायो स्टेट, पेन स्टेट जिंकले, ते जिंकणारच होते, त्यावर शाई कशाला घालवू.

पण रात्रीचा कॅलिफोर्निया–मायामी सामना मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. गरब्याहून येऊन, सगळे झोपल्यावर आवाज बंद करून बघितला. बर्कलीला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या घरी, सकाळी कॉलेज फुटबॉलचा फिरता टीव्ही कार्यक्रम पहिल्यांदाच आला होता. तिथं साध्या विद्यार्थ्यांतून एकाला बोलावून लाथ मारायला लावतात. पोरानं ३३ यार्डांवरून चेंडू खांबांमधून घातला आणि एक लाख डॉलर घेऊन गेला. व्हँडरबिल्टच्या दंडाएवढेच! संज्या, तुझ्या डाव्या पायानं तू ते झोपेत केलं असतंस. रात्री कॅलिफोर्निया ३५–१० नं पुढं होती, तिसरं सत्र चालू. त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा मूळचा मायामीचाच पोरगा, गावाविरुद्ध जिद्दीनं खेळत होता. मी टीव्ही बंद करायला रिमोट उचललाही होता. मग मायामीच्या कॅम वॉर्डनं काय केलं ते शब्दांत बसत नाही. ४३७ यार्ड फेकले. शेवटी ९२ यार्ड जायचं होतं, गेला. सव्वीस सेकंद उरले असताना टचडाउन, ३९–३८. त्याच्या चालण्यात कसलीही घाई नाही, हे मला सगळ्यात आवडलं. लोक अंगावर धावून येतायत आणि हा निवांत, मंडईत भाजी निवडणाऱ्या माणसाचा चेहरा.

आता मघाचं, दुसऱ्या विद्यापीठातून येण्याचं. हा वॉर्ड कुठला? त्याच्या शाळेचा संघ पासच टाकायचा नाही, नुसता पळायचा. मग पास टाकणाऱ्या पोराला कोण विचारणार? शिष्यवृत्ती देऊ करणारं एकच छोटं विद्यापीठ, इन्कार्नेट वर्ड. तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी. मिनेसोटाचा ब्रॉस्मर न्यू हॅम्पशरहून आलेला. वॉशिंग्टनचा रॉजर्स मिसिसिपी स्टेटहून. आर्कन्सॉचा ग्रीन बॉइझी स्टेटहून. इंडियाना १९६७ नंतर पहिल्यांदा ६–० (सहा जिंकले, शून्य हरले) झाली, त्यांचा क्वार्टरबॅक रूर्क ओहायोहून. या आठवड्याचे बहुतेक हिरो दुसऱ्या घरचे!

पूर्वी खेळाडूनं विद्यापीठ बदललं की वर्षभर बाहेर बसायला लागायचं. ते २०२१ मध्ये सैल झालं आणि यंदा जवळजवळ सुटलंच. त्याच २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात. जुनी माणसं हळहळतात, की निष्ठा राहिली नाही. तूही हेच म्हणशील; नायजेरियाचे खेळाडू तालमींत आले तेव्हा तू चौकात किती वाद घातला होतास ते आठवतंय मला. पण मर्दा, कोचांनी कधी निष्ठा पाळली होती? डीबोअर अंतिम सामना हरला आणि त्याच आठवड्यात वॉशिंग्टन सोडून अलाबामाला गेला. त्याला कुणी वर्षभर बाहेर बसवलं नाही. कोट्यवधींची उलाढाल, आणि बांधून कोण ठेवलेलं? एकोणीस वर्षांचं पोरगं. मला तर वाटतं पाविया काल जिंकला तो याच मोकळीकीमुळं. जुन्या नियमात तो आल्बुकर्कीत कुठंतरी नोकरी करत असता.

अर्थात माझ्या म्हणण्याला छेद देणारा एक आहेच, ॲश्टन जेंटी. बॉइझी स्टेट, आयडाहो. मोठमोठ्यांना हवा असलेला खेळाडू, तरी तिथंच राहिला. काल युटा स्टेटविरुद्ध तेरा वेळा चेंडू हाती घेतला, १८६ यार्ड, तीन टचडाउन, आणि मध्यंतरानंतर निवांत बसून बघत होता. पाच सामन्यांत १,०३१ यार्ड झाले. बॅरी सँडर्सच्या १९८८ सालच्या, एका हंगामात पळून मिळवलेल्या २,६२८ यार्डांच्या विक्रमाचं नाव लोक आत्ताच घ्यायला लागलेत. मला घाई वाटते, हाडं शाबूत राहिली पाहिजेत. पण त्याला पाडायला तीन-तीन माणसं लागतात हे खरं. पहिला कधीच पुरत नाही.

आर्मी आणि नेव्ही, म्हणजे लष्कराच्या आणि नौदलाच्या अकादमींचे संघ, दोन्ही ५–० आहेत, १९४५ नंतर पहिल्यांदा. ही बातमी तुझ्या मामांना सांग, फौजेतला माणूस खूश होईल.

आजच्या यादीत टेक्सस पहिली, आणि अलाबामा सातवर. व्हँडरबिल्ट यादीत नाहीच! ती अपमानाची गोष्ट मी वेगळ्या पत्रात लिहीन. पुढच्या शनिवारी दसरा. इथं त्या संध्याकाळी ओहायो स्टेट ऑरेगनला जातेय, दुसरी विरुद्ध तिसरी. तुमच्याकडं रविवारी पहाटे पाचला सुरू होईल. तू तसाही रंकाळ्यावर फिरायला उठतोसच. एकदा बघ. नाही आवडलं तर शिव्या घाल, पण पाहिल्यावर घाल.

केएसएचं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचं) वेळापत्रक लागलं की फोटो पाठव. आईंना नमस्कार. आणि सोनं वाटताना माझ्या वाटणीचं घरी देऊन ये, बाबा वाट बघतात.

तुझा,
पम्या

ता. क. वहिनी आत्ता बोलली. "कुणाला एवढं लांबलचक लिहितोयस" एवढंच.