महापुराआधी गावातल्यांना ट्रेनिंग द्या

मा. संपादक,

२०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोटच उलटली, त्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली. एनडीआरएफची माणसं जीव तोडून काम करतात, पण रस्ते बुडाले की ती येईपर्यंत गावात असतात फक्त आशाताई, सिस्टरबाई, ग्रामसेवक, एखादा खाजगी डॉक्टर आणि मेडिकलवाला. मग ट्रेनिंग यांनाच का नाही?

आणि खरं संकट पाणी ओसरल्यावर चालू होतं. विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) नुसती ओतून भागत नाही, आधी गाळपाणी उपसायचं, मग टीसीएल, आणि अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का बघायची चाचणी), पिवळा रंग आला तरच क्लोरीन आहे. चिखलात उतरलेल्यांना लेप्टो (उंदरांच्या मुतातून पाण्या-चिखलात पसरणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या वाटतात पण गरोदर बाईला ती देत नाहीत, हे वाटणाऱ्याला ऐन गर्दीत आठवायला हवं ना, आणि ते कागदावरचा जीआर वाचून आठवत नाही, हाताने केलेलं असलं तरच आठवतं. बीपी-शुगरवाल्यांची, डायलिसिसवाल्यांची यादी कोणाकडे? बाळंतपण जवळ आलेल्या बायकांना आधीच कुठे हलवायचं?

दरवर्षी मे महिन्यात तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात या सगळ्यांना एकत्र बसवून दोन दिवस प्रॅक्टिकल घ्या, बोटीसकट. आशाताईंना त्या दिवसांचा भत्ता द्या, फुकट राबवू नका. यंदाचा मे तरी वाया घालवू नका ही कळकळीची विनंती.

- एक वाचक, ता. पलूस