यादी उलटी कर

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

गाडीवर करायच्या कामांची तुझी यादी वाचली. सर्वांत वर गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, मग १८ इंची चाकं, मग एक्झॉस्ट, ऑक्सिजन सेन्सर, आणि अगदी तळाला, आठवलं म्हणून लिहिल्यासारखं, 'कूलिंग बघून घेईन'. ही यादी उलटी कर. तुझ्या गाडीसारखी बीएमडब्ल्यू ३-सिरीजची ई४६ पिढी घरी सांभाळायची असेल तर पहिला मान कूलिंगचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. बाकी सगळ्याला वाट पाहता येते.

तुझ्या २००२ सालच्या ३३०आयमधल्या एम५४ इंजिनाची मला फारशी काळजी नाही. सहा सिलिंडर एका रांगेत असले की पिस्टनांचे धक्के एकमेकांना खोडून काढतात, म्हणून ते इतकं गुळगुळीत फिरतं. टायमिंगला पट्टा नाही, साखळी आहे. तीन लिटरमधून २३१ हॉर्सपॉवर देतं, तेही टर्बोशिवाय. तेल वेळेवर मिळालं तर त्यातला धातू अजून बरीच वर्षं काढेल. म्हातारपण येतं ते त्याच्याभोवतीच्या प्लास्टिकला आणि रबराला. त्यांना किलोमीटरशी फारसं देणंघेणं नसतं. वर्षं आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्या त्यांना संपवतात. म्हणून 'गाडी फार चाललेलीच नाही' असं विकणाऱ्याने सांगितलं की तू हुरळून गेलास, तसं हुरळायचं कारण नव्हतं.

एक्स्पान्शन टँक, म्हणजे तापून फुगलेलं पाणी सामावणारी टाकी, प्लास्टिकचा असतो आणि त्याला जोडावर चीर जाते. रेडिएटरचं वरचं नळकांडं ठिसूळ होऊन पाइपासकट हातात येतं. वॉटर पंपाचा पंखा काही पंपांत प्लास्टिकचा असतो, तो तुटला तर बाहेर एक थेंब न गळता पाणी फिरायचं थांबतं. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप, बहुधा उघडा अडकतो. यातलं एक बदलून तीन तसेच ठेवू नकोस, कारण सगळ्यांचं वय एकच. टँक, रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, वरचा-खालचा होज, सगळं एकाच बैठकीत. पाणी एकदाच काढावं लागतं, हे वेगळंच सुख.

मी इतकी मागे लागते त्याला कारण आहे. या इंजिनाचं हेडही (वरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉकही (खालचा सांगाडा). एकदा जोरात तापलं की हेड वाकतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ब्लॉकमधले हेड-बोल्टचे आटे जातात. मग टँकचं काम इंजिन उघडण्यावर जातं.

डॅशबोर्डवरचा काटा यात तुला मदत करणार नाही. तो मुद्दाम स्थिर ठेवलेला आहे, चालवणाऱ्याने उगाच घाबरू नये म्हणून. साधारण ८० ते ११० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात तो मधोमध खिळलेला राहतो, आणि तिथून हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. खरा आकडा मीटरच्या छुप्या मेनूत मिळतो. चेसिस नंबरातल्या शेवटच्या पाच आकड्यांची बेरीज कर, १९व्या चाचणीत तो आकडा दाखवून कुलूप उघड आणि ७व्या चाचणीवर ये. तिथे कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान अंशांत दिसतं. गाडी पूर्ण गरम झाल्यावर साध्या चालीत ९५-९८च्या आसपास असलं तर ठीक. मोकळ्या रस्त्यावर ते ऐंशीच्या खाली घसरत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, काटा काहीही म्हणो. शंभराच्या पुढे चढतच राहिलं तर गाडी बाजूला घे आणि इंजिन बंद कर. घरापर्यंत रेटत आणायची नाही.

नवं कूलंट भरल्यावर हवा काढणं हेच खरं काम. निळं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. इंजिन गार असताना किल्ली दुसऱ्या टप्प्यावर, हीटर पूर्ण गरमवर, पंखा सर्वांत हळू. असं केलं की हीटरचा व्हॉल्व्ह उघडतो. टँकच्या झाकणाशेजारचा प्लास्टिकचा ब्लीड स्क्रू सैल कर आणि सावकाश ओतत राहा, तिथून बुडबुड्यांविना सलग धार येईपर्यंत. मग स्क्रू हलक्या हाताने बंद कर. जोर लावलास तर डोकं तुटून हातात येईल. गरम टँकचं झाकण उघडायचं नाही, हे तुला माहीत आहे. तरी आई आहे, लिहिणार.

आता तुझ्या यादीतले ऑक्सिजन सेन्सर, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारे. इंजिनाचा दिवा लागला, स्कॅनरने पी०१७१ आणि पी०१७४ दाखवले आणि तू थेट सेन्सर मागवायला निघालास. हे कोड सेन्सर बिघडला असं सांगत नाहीत. मिश्रण पातळ झालंय, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि पहिला संशय इंजिनात शिरणाऱ्या हिशेबाबाहेरच्या हवेवर. या इंजिनात तीन-तीन सिलिंडरांसाठी वेगळे सेन्सर आहेत. दोन्ही एकाच दिवशी आणि एकाच तऱ्हेने मरतील का? आत येणारी हवा मोजणारा एअर मीटर आणि ती हवा कमी-जास्त करणारा थ्रॉटल यांच्यामधला रबरी बूट, म्हणजे घड्यांची नळी, काढ, त्याच्या घड्या बोटांनी उघडून बघ. चीर घडीच्या आत, खालच्या बाजूला असते. वरून बूट नवाच वाटतो, पण आत रबर जुन्या प्लास्टिकच्या बादलीच्या काठासारखं तडकलेलं असतं. बूट धड निघाला तर पुढचा संशय क्रँककेसच्या व्हेंटिलेशन व्हॉल्व्हवर, इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढू देणाऱ्या झडपेवर. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण ओढून बघ. ते खेचून धरल्यासारखं घट्ट बसलं असेल किंवा शिट्टी वाजत असेल तर आतला पडदा फाटलाय. तरीही सापडलं नाही तर धूर सोडून तपासणी करून घे. पार्ट बदलत बदलत निदान करणं मला कधीच पटलेलं नाही. पैसे जातात हे एक, आणि शेवटी कशाने बरं झालं तेही कळत नाही.

तेलाबद्दल थोडक्यात. साडेसहा लिटर लागतं, फिल्टरच्या झाकणाला ३६ मिमीची गोटी (सॉकेट), आणि झाकणावरच २५ न्यूटन-मीटर कोरलेलं आहे, तेवढंच आवळ. फिल्टरबरोबर आलेली नवी ओ-रिंग तेलात बुडवून बसव. सर्व्हिसचे हिरवे-पिवळे-लाल दिवे प्रामुख्याने जळालेल्या इंधनावरून हिशेब करतात आणि फार उदार आहेत. त्यांच्या निम्म्यावर तेल बदल. थांबल्यावर जळक्या तेलाचा वास आला तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅसकेट पाझरून एक्झॉस्टवर थेंब पडताहेत असं समज. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, ते हवेतलं पाणी ओढतं.

गाडीखाली फक्त जॅकच्या भरवशावर जायचं नाही. चारही कोपऱ्यांवर जॅक लावायचे प्लास्टिकचे पॅड आहेत, त्यांचा पाया धड आहे का बघ आणि स्टँड लावून गाडी एकदा हलवून मगच आत सरक. या गाडीच्या चाकांना स्टड नाहीत, सुटे बोल्ट आहेत, म्हणून चाक एका हाताने पेलत दुसऱ्या हाताने भोक शोधायची कसरत होते. एक लांब गाइड पिन घे, कंबर वाचेल. शेवटचं आवळणं १२० न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचनेच.

मागची चाकं वर असतील तेव्हा टॉर्च घेऊन सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन पेलणारी चौकट, जिथे बॉडीला धरलेली असते ते पत्रे नीट बघ. या पिढीत तिथे भेगा पडतात. भेग दिसली तर ते घरचं काम नाही, चांगला वेल्डर लागेल, आणि तोवर तुझ्या कडक स्प्रिंगांचा विचारही नको. एअरबॅगच्या तारांनाही हात लावायचा नाही. बाबा म्हणतात 'त्याला करू दे, शिकेल'. त्यांना म्हणायला काय जातं, त्यांनी कधी बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

बूट काढलास की घड्या उघडून त्याचा फोटो पाठव, आणि ७व्या चाचणीचा आकडाही, गाडी गरम झाल्यावरचा. सेन्सरची ऑर्डर तोवर थांबव.

तुझी
आई