रिकव्हरी डिस्क कुठे अडकतेय ते आधी बघ

प्रिय पक्या,

तुझा मेसेज वाचला. विंडोज ७ च्या जुन्या लॅपटॉपची रिकव्हरी डिस्क, म्हणजे विंडोज परत टाकायच्या डीव्हीडी, करताना बर्निंग मध्येच अडकतंय म्हणतोस. आता नवीन कोरी डीव्हीडी अजिबात टाकू नकोस, उगाच वाया जाईल. आधी एवढंच बघ की बर्निंग दरवेळी त्याच टक्क्याला अडकतं का कधी इथं कधी तिथं.

दरवेळी वेगळ्याच ठिकाणी अडकत असेल तर दोष डीव्हीडीचा नाहीतर रायटरचा, म्हणजे डीव्हीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हचा. जुन्या लॅपटॉपचे रायटर थकलेले असतात, स्पीड कमी करायचा ऑप्शन असेल तर ४एक्स ठेव, आणि साधी डीव्हीडी-आर घे कारण बरीचशी टूल्स आरडब्ल्यू (पुसून परत लिहायची) किंवा ड्युअल लेयर (दोन थरांची) घेतच नाहीत. पाकिटावर ४.७ जीबी असतं आणि विंडोज ४.३८ दाखवतं, तिकडे लक्ष देऊ नको, नुसता मोजायच्या पद्धतीतला फरक आहे.

पण पहिली डिस्क नीट होऊन दुसरी नेहमी त्याच ठिकाणी थांबत असेल तर डीव्हीडी बिचारीचा काय दोष, हार्ड डिस्कच वाचता येत नाहीये. नीट बघ, रायटर गप्प, हार्ड डिस्कचा लाइट सलग पेटलेला आणि कान लावला की आतून टक... टक... असं झालं की रिकव्हरी बिकव्हरी राहू दे, आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढ, मगच विंडोजचं डिस्क तपासायचं चेकडिस्क लाव, कमांडला स्लॅश आर (chkdsk /r) देऊन. रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे हार्ड डिस्कचा त्यासाठी राखलेला भाग, बहुतेक वेळा लपवलेलं असतं, त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसेल. रिकामं वाटतंय म्हणून डिलीट मारू नको रे बाबा, रिकव्हरी डिस्कचा सगळा माल तिथूनच येतो.

आणि विंडोज ७ मधली सिस्टीम रिपेअर डिस्क वेगळी हं. ती एका सीडीत मावते, बूट होते, स्टार्टअप दुरुस्त करून देते, पण विंडोज परत टाकून देत नाही. शिवाय ६४ बिटला ६४ बिटचीच लागते. लोक ती करून निर्धास्त बसतात आणि वेळ आली की बोंब.

हार्ड डिस्क ठणठणीत निघाली तर यूएसबीचा रायटर कुणाकडून तरी माग, बरीच टूल्स तो ओळखतात. आणि हो, ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, त्यावर बँकेचे व्यवहार नको.

लॅपटॉप उलटा केलाच तर खालच्या स्टिकरवरची विंडोजची २५ अक्षरांची प्रॉडक्ट की पुसट व्हायच्या आत तिचा फोटो काढून ठेव.

तुझाच,
बंड्या